टाकीची टोपी

अर्धे मटार सोलून झाले होते. दाणे पातेल्यात, टरफलं वर्तमानपत्रावर आणि उरलेल्या शेंगांचा ढीग खोडरबरकाकांच्या मांडीवर, अशा अवस्थेत वसाहतीचे अध्यक्ष दारात येऊन उभे राहिले. बगलेत जुन्या नकाशाची गुंडाळी होती, हातात मोबाईल होता आणि चेहऱ्यावर ठराव होता. कुंडीला पाणी कधी घालायचं यावरही ठराव मांडणारा माणूस तो. लोक त्यांना पाठीमागे ठरावसाहेब म्हणत, तोंडावर नुसतं साहेब.

"काका, जावयाने ड्रोन उडवला. अख्खी वसाहत एका फोटोत आली बघा," असं म्हणत साहेब खुर्चीत बसले आणि पातेल्यातले दाणे तोंडात टाकू लागले. "आता आपला हा मूळ नकाशा या फोटोवर बसवायचा. कुणाची हद्द कुठे, सगळं रेघेत दिसलं पाहिजे. मोठा बोर्ड करून फाटकावर लावू."

"बसवून देतो," काका म्हणाले.

हे दोन शब्द म्हणजे काकांचा सगळा जन्म. चौकात त्यांचा फोटो स्टुडिओ. आधी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत, मग कॉम्प्युटर आला तेव्हा माउस फिरवायला शिकले. नवरीच्या गालावरची पुळी, मोडलेल्या लग्नातला जावई, सासूबाईंची अर्धी हनुवटी, काकांनी काय काय म्हणून खोडलं नसेल. त्यावरूनच वसाहतीने त्यांना खोडरबर हे नाव दिलं. आणि खोडत तसे आणूनही बसवत. नातू जन्मायच्या आधी गेलेल्या आजोबांना त्यांनी नातवाशेजारी असं बसवलं, की बघणाऱ्याला आजोबांनी नुकताच त्याला खाऊ दिलाय असं वाटावं. "जमणार नाही" आणि "माझं चुकलं" ही दोन वाक्यं मात्र त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. काकू म्हणायच्या, "यांच्या तोंडून नकार निघतो तो फक्त मी काही सांगितलं तर."

साहेब गेले तेव्हा पातेल्याचा तळ दिसत होता.

काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. नकाशा सपाट, पोळपाटासारखा. फोटो तिरका, साहेबांच्या गच्चीवरून पलीकडच्या टोकाकडे बघणारा. जवळची घरं मोठी, लांबची लहान, आणि प्रत्येक भिंत जरा कललेली. काकांनी नकाशा अर्धा पारदर्शक केला, फोटोवर ठेवला आणि त्याचे कोपरे धरून ओढायला लागले. तीन कोपरे कुंपणाच्या भिंतीला बिनबोभाट बसले. चौथा कोपरा गर्द झाडांत गडप होता. तिथे दिसत होती फक्त वसाहतीची पाण्याची टाकी. नकाशातही त्याच कोपऱ्यात टाकीचा गोल होता. काकांनी फोटोतल्या गोलावर नकाशातला गोल नेऊन ठेवला. तंतोतंत बसला. चहा पिऊन त्यांनी स्वतःच स्वतःला शाबासकी दिली.

बोर्ड छापून आला, त्यावर लॅमिनेशन चढलं आणि तो फाटकावर लागला. लाल रेघांची वसाहत बघायला माणसं जमली, आणि जो तो आपलं घर शोधू लागला. टाकीकडच्या ओळीतलं प्रत्येक घर आपल्या रेघेतून मागे सरकलेलं दिसत होतं. पुढे प्रत्येकाला फाटकाबाहेरचा रस्ता बक्षीस मिळाला होता, मागे प्रत्येकाचं स्वयंपाकघर सामायिक बोळात गेलं होतं. साहेबांचं घर कॅमेऱ्याजवळचं, ते जिथल्या तिथे.

वरून बघितलं की सगळं खरं दिसतं, असं माणसाला वाटतं. सरळ वरून बघणारा एकच, आणि तो फोटो काढत नाही. बाकी आपण सगळे तिरकेच.

समितीची बैठक बसली. ओळीतल्या बारा बायकांची स्वयंपाकघरं पाडायची तर बारा नवरे उपाशी राहणार, आणि त्यातले चार समितीत होते. म्हणून स्वयंपाकघरं जुनी आणि निर्दोष ठरली. शेवटच्या घरामागची पत्र्याची खोली तेवढी अतिक्रमण ठरली. पंधरा दिवसांत काढा, अशी नोटीस निघाली.

ती खोली काकांच्या थोरल्या बहिणीची होती. ताईंना यजमान जाऊन वीस वर्षं झाली होती. त्या खोलीत दोन शिलाई मशीन आणि एक कापायचं टेबल, त्यावर त्यांचं सगळं चाललेलं. आई गेल्यावर याच ताईंनी काकांना लहानाचं मोठं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मान खाली घालून तिथे गेले. ताई गणवेशाचा सदरा बेतत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नोटीस आलीय. सोबत चित्र आहे. चित्रावर तुझ्या दुकानाचा शिक्का आहे."

"ताई, नकाशाच तसा आहे. मी फक्त बसवला."

"चाळीस वर्षांत माझं घर कुठे चालत गेलं का रे?"

"तसं नव्हे..."

"मग कसं ते सांग. मला कॉम्प्युटर कळत नाही. शिवणात सांग."

काकांनी टेबलावरचा कागदी बेत उचलला. "नकाशा म्हणजे हा कागद. फोटो म्हणजे माणूस, तोही वाकून उभा राहिलेला. कागदाचे चार कोपरे चार जागी धरायचे आणि ताणायचे. चार बरोबर बसले की मधलं आपोआप बसतं."

"कुठल्या चार जागी धरलेस?"

"तीन भिंतीचे कोपरे. चौथ्याला टाकी. गोलावर गोल ठेवला."

"फोटोत टाकीचा कुठला गोल दिसतो?"

"वरचा. झाकणाचा."

ताईंची कात्री थांबली. "आणि कागदावरचा?"

काकांनी बेत टेबलावर ठेवला.

"कागदावर टाकी जमिनीवर असणार ना? तिचे पाय जिथे आहेत तिथे. आणि तू धरलीस टोपी. अरे बाबा, सदरा बेतताना मी खांदा धरते. गिऱ्हाईक टोपी घालून आलं म्हणून टोपीच्या शेंड्यापासून माप घेतलं तर कॉलर कानावर चढेल. तुझी वसाहत कानावर चढलीय."

काका तिथून सरळ दुकानात गेले. झाडांच्या फटीतून टाकीचे खांब जिथे जमिनीला टेकलेले दिसत होते तिथे त्यांनी गोल खाली ओढला. सगळी ओळ गुपचूप आपापल्या रेघेत परत आली. स्वयंपाकघरं घरात, रस्ता रस्त्यात, ताईंची खोली हद्दीच्या आत चांगली हातभर. एक बोट हलवायचा अवकाश होता.

नवी प्रत घेऊन ते साहेबांकडे गेले. साहेबांनी चित्र उलटसुलट बघितलं.

"छान आहे. पण त्याचं काय करू? जुन्याचं लॅमिनेशन झालंय."

"साहेब, जुनं बरोबर नाही."

"कुणी केलं ते?"

काका म्हणाले, "जरा... कोपरा सरकला होता."

"आपोआप सरकला का? काका, त्यावर ठराव झालाय. तो फिरवायचा तर सभेत कुणीतरी उठून म्हणायला हवं, की चूक माझी. आज चित्र चुकलं म्हणाल, उद्या लोक विचारतील, आमच्या आजोबांचं नाक तरी त्यांचंच होतं का?"

साहेबांचं बोलणं काकांच्या वर्मी लागलं. रात्री जेवताना काकूंनी दोनदा भाजी वाढली तरी त्यांना कळलं नाही.

"गुपचूप नुसता बोर्ड बदलला तर?" त्यांनी विचारलं.

"चोरून? म्हणजे नोटीस तशीच राहील आणि तुम्ही चोर ठराल," काकू म्हणाल्या. "देवाला हात जोडता ना रोज? मग चार माणसांसमोर तोंड उघडायला कसली भीती? त्यातल्या निम्म्यांचे केस तर तुम्हीच काळे केलेत."

रविवारी सभा भरली. काकांनी पडद्यावर जुनंच चित्र लावलं. मग आयुष्यभर केलं तेच केलं: माउस फिरवत टाकी खोडली. झाकण गेलं, खांब गेले, मागे लपलेला रस्ता त्यांनी भरून घेतला. टाकी पुसल्यावर नकाशातला लाल गोल उरला, तो भिंतीच्या पार बाहेर, मोठ्या रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर.

सभेत कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आपण इतके दिवस बसथांब्याचं पाणी पितोय."

"ही तर फोटोत छेडछाड झाली," साहेब म्हणाले.

"छेडछाड आधीच्यात होती, साहेब," काका उभे राहिले. "फोटोत टाकीचं झाकण पन्नास फूट वर आहे. नकाशातली टाकी जमिनीवर आहे. मी नकाशा झाकणाला टांगला. सगळी ओळ त्यामुळे सरकली. जावयांचा दोष नाही, नकाशाचा नाही. चूक माझी. माझ्या बहिणीची खोली तिच्याच जागेत आहे."

मग शेवटच्या रांगेतून ताईंचा आवाज आला, "ऐकू आलं नाही म्हणणाऱ्यांसाठी परत सांगायला लावू का?"

हशा पिकला, आणि त्या हशात साहेबांना वाट सापडली. त्यांनी तिथेच ठराव लिहिला: नकाशा बरोबर आहे, फोटोही बरोबर आहे, परंतु दोघांत तांत्रिक मतभेद असल्यामुळे नोटीस रद्द करण्यात येत आहे. बारा हात वर झाले. खोली वाचली. दुसरा ठराव लगोलग आला: बोर्ड शोभिवंत असून पावसापाण्यात टिकणारा आहे, सबब तो फाटकावर तसाच राहावा.

"काका, तुमची हरकत नाही ना?" साहेबांनी उपचार म्हणून विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, म्हणून पेन लिहीतच होतं.

"आहे," काका म्हणाले. "तो उतरवायचा."

पेन थांबलं.

"ठराव झाला आहे, काका."

"तुमचा झाला असेल. शिक्का माझा आहे. खोटं चित्र माझ्या शिक्क्यानिशी तिथे राहणार नाही."

ताई सोबत बाहेर पडल्या. फाटकाशी येऊन दोघांनी वर बघितलं. बोर्ड चांगला दीड पुरुष उंचीवर, चार खिळ्यांनी ठोकलेला.

"हात पुरणार नाही," ताई म्हणाल्या. "वायरमन घरी असेल आत्ता."

काका वायरमनकडे शिडी मागायला निघाले.