धावड्याच्या कुरणातली मुसकी

एक गोष्ट आधीच मिटवून टाकते. घोड्यांच्या तोंडाला मुसकी मी बांधली न्हाईत. माझ्या भाच्याचा व्हिडिओ बघून जे लोक "आजी लई हुशार" म्हणून राह्यलेत, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. आणि दुसरं — भूत, उतारा, अंगात येणं, ह्यातलं मी आजवर काहीच मानलं न्हाई. वाटेवर उताऱ्याचं लिंबू दिसलं तर धुवून सरबत करणारी बाई मी. तरी पण...

फोनला बोलून लिहून राह्यले, कारण सांधेवातानं दोन्ही हातांची बोटं वाकडी झालीत. ही बोटं ध्यानात ठेवा, पुढं कामाला येतील.

आमचं धावडा, भोकरदन तालुका, जिल्हा जालना. गावाच्या वर डोंगराचा सपाट माथा आहे, तिथं गावानं राखलेलं कुरण. पवन्या, मारवेल, कुसळी — पाऊस बरा झाला तर कमरेएवढं गवत. बी झडेपर्यंत तिथं विळा लावायचा न्हाई, जनावर चारायचं न्हाई. वाटेनं न्यायचंच असलं तर तोंडाला मुसकं बांधून न्यायचं. मुसकं म्हणजे दोरीची जाळी, कोळपताना बैलाला बांधतात ती. बी जमिनीत पडलं न्हाई तर पुढच्या साली गवत कुठून येणार? उन्हाळ्यात सगळ्या गावाची गुरं त्याच्यावरच निघतात.

आता भाचा. धाकट्या बहिणीचा पोरगा, संतोष. शहरातल्या लोकांना घोड्यावर बसवून डोंगरात नेतो, तंबूत ठेवतो, आणि सोबत एक शिकलेल्या ताई असतात त्या गवत, किडे, पाखरं समजावून सांगतात. मागच्या साली नवरात्राच्या आधी त्याला आमचं कुरण पाहिजे झालं. गावानं साफ न्हाई म्हणलं. मंग हा माझ्या दारात. मावशी, तुझा शब्द कोणी मोडत न्हाई, तू एकदा बोलून बघ... असं गोड गोड.

मी नामदेवअण्णांकडं गेल्ते. कुरणाची राखण त्यांच्याकडं. ते म्हणले, "घोडे न्या. पण तोंडं बांधून, आन मुक्काम पलीकडच्या खडकावर. एक तुरा जरी तुटला तरी मी पोराला न्हाई इचारणार, तुम्हाला इचारीन."

"मलाच इचारा," मी म्हणले.

धावड्यात सगळी हयात गेली. शब्दाशिवाय माझ्यापाशी दुसरं होतं तरी काय?

मीबी सोबत निघाले, घोड्यावर बसून. हसू नका. वडील पावसाळा सरला की धावड्यातून मेंढरं घेऊन मुलूखभर फिरायचे, तवा सामानाच्या तट्टावर बसूनच मी लहानाची मोठी झाले. त्या ताई खरंच चांगल्या होत्या. लोखंडी चौकट गवतात टाकायच्या आणि आतलं एकेक रोप आम्हाला मोजायला लावायच्या. कोणतं गवत गुरं आधी खातात, कोणतं मागं राहतं, त्यावरून माळाची तब्येत कळते म्हणे. मला लई मजा वाटली. एवढं एक चांगलं झालं, ते सांगितलं.

कुरणाच्या तोंडाशी आल्यावर मी संतोषला म्हणले, काढ मुसकी. तर हा इकडं तिकडं बघून राह्यला. खाली गाडीतच ठेवली म्हणे. विसरला न्हाई बरं का, ठेवली! मी विचारलं का, तर हळूच म्हणतो, "मावशी, जाळी बांधलेले घोडे फोटोत कैदी दिसतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या माणसांसमोर भांडायचं न्हाई म्हणून गिळलं. लगाम आवळून, घोड्यांच्या माना वर धरून सगळ्यांना वाटेनं नेलं. पण खडक यायच्या आधीच पाहुण्यांना कुरणाचा मधला भाग आवडला. ऊन उतरलेलं, तुरे तांबूस झालेले, पार खालपर्यंत दिसून राह्यलं होतं. संतोषनं तिथंच तंबू ठोकायला घेतले आणि घोडे लांब दोरावर खुंट्यांना बांधले. ऐन गवतात.

"एका रात्रीत किती खातील, मावशी? अण्णाला मी समजावतो."

"तू कोण समजावणारा? जबान माझी गेलीय."

"सकाळी बघू ना."

सकाळी काय बघायचं होतं, खाल्लेलं गवत? मी भाकरीला हात लावला न्हाई. तंबूत जाऊन पडले. तंबूची चेन माझ्या बोटांनी सरकत न्हाई, म्हणून त्या ताईंनीच बाहेरून ओढून लावली. रागातच डोळा लागला.

उजाडल्यावर चेन उघडली तीबी ताईंनीच. त्या विचारून राह्यल्या, "आजी, घोड्यांना हे काय बांधलंत?"

बाहेर आले. सगळे घोडे जागच्या जागी उभे, आणि एकूण एक घोड्याच्या तोंडाला मुसकं.

बाजारात मिळतात तशी नायलॉनची न्हाईत. अंबाडीच्या वाखाची. अंबाडी पाण्यात कुजवली की जो धागा सुटतो, तो वाख. ओलाच होता अजून, आणि त्याचा तो कुजका वास... ज्यानं एकदा घेतला त्याला सांगावं लागत न्हाई. आमच्याकडं अंबाडी आता भाजीपुरती राह्यली. वाख काढणारं गावात कोणी उरलं न्हाई, आणि माथ्यावर तर भिजवायला साधं डबकं न्हाई. मापबी बैलाचं नव्हतं. लांबट, घोड्याच्या तोंडाला बिलकुल बराबर.

आणि दोराचा पीळ उलटा होता. माझ्या वडलांना उजव्या हाताला अंगठा नव्हता. ते डाव्या हातानं वळायचे, म्हणून त्यांच्या दोराला असाच पीळ पडायचा. जे दिसलं ते सांगितलं. डावखुरी माणसं जगात कमी न्हाईत, हे मलाबी समजतं.

ताईंची चौकट संध्याकाळपासून एका घोड्याच्या पुढ्यातच पडलेली होती. त्यांनी परत मोजलं. रोप न् रोप जागेवर, तुरे शाबूत. घोडे रातभर गवतात उपाशी उभे होते.

आणि संतोष काय करतो? हसतो! मोबाइल माझ्या तोंडासमोर धरून म्हणतो, "मानलं मावशी तुला. रुसून गेलीस आन गुपचूप बांधून आलीस." मी बोटं दाखवली. चेनीचं सांगितलं. ताईंनीबी सांगितलं. तर म्हणे जुन्या बाया काहीबी करतात. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मरून जावं वाटलं मला.

थोड्या वेळानं नामदेवअण्णा वर आले. गवतातले तंबू बघून कपाळाला आठ्या, मंग घोडे बघितले. "शब्द राखलात," म्हणले.

"अण्णा, मी न्हाई बांधली."

त्यांनी एक मुसकं सोडून हातात घेतलं, नाकाशी नेलं, पीळ बोटानं चाचपला. मंग ते हळूच माझ्या हातात ठेवलं आणि डोंगर उतरून गेले. माझ्या वडलांना, ते हयात असताना, त्यांनी दोर वळताना पाहिलेलं होतं.

गावात विचारून बघितलं, आजूबाजूच्या वाड्यांवर विचारलं. कोणालाच काही माहीत न्हाई. मलाबी आजपर्यंत उलगडा झालेला न्हाई, आणि तुमच्यापैकी कोणी "झोपेत चालत गेल्या असाल" असं लिहिणार असेल, तर आधी माझी बोटं येऊन बघा.

पण मी हे लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. परवा संतोषचा फोन आल्ता. ह्या सालीबी कुरणात यायचं म्हणतो. मी म्हणले, आधी मुसकी दाखव.

"कशाला ओझं, मावशी? तिथं आपोआप येतात की." आणि हसला.

मी फोन ठेवून दिला. ज्यानं कोणी ते केलं, त्यानं गवतासाठी केलं, न्हाईतर माझ्या शब्दासाठी केलं. तो काय ह्याच्या घोड्यांचा नोकर आहे?

हा परत येणार हे धरून पेरणीलाच मागच्या बांधाला मी ह्या सालापुरती अंबाडी लावली होती. काढून ओढ्यात कुजवली. धागा पायाच्या अंगठ्यात धरते आणि तळहातानं मांडीवर वळते. एक मुसकं व्हायला आठवडा जातो, तेबी वाकडंतिकडं. संतोषला येऊ द्या. सगळ्या घोड्यांना पुरतील एवढी झाल्याबिगर मी त्याला वाट देणार न्हाई.

कोण होतं, मला ठाऊक न्हाई. पण माझ्या शब्दापायी त्याला पुन्हा उठावं लागू नये.