जनाकाकाची गाठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवीपुढे उभा राहूनही नाही. तुम्हाला का सांगतोय? बहुतेक तुम्ही जनाकाकाला ओळखत नाही म्हणून.

जनाकाका म्हणजे माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. आमचं गाव खाडीकाठचं. आता चहूबाजूंनी नवी मुंबईचे टॉवर, आणि मधे आम्ही. मी ऑफिसात क्लार्क. सुट्टीच्या दिवशी होडी काढतो. जाळं टाकायला मला काकानेच शिकवलं, गाठ मारायलाही. गाठीच्या बाबतीत गावात त्याचा शब्द शेवटचा. भरतीत कुणाची होडी सुटली की बाकीचे हसायचे, "जनाकडनं बांदून घ्यायची ना!"

मग ते वादळ आलं. दोन दिवस टीव्हीवर अरबी समुद्रात पांढरा भोवरा फिरत होता. आधी म्हणाले कमी दाबाचा पट्टा, मग चक्रीवादळ, मग तीव्र चक्रीवादळ. पोलिसांची गाडी भोंगा वाजवत गेली. आम्ही सगळ्या होड्या जेट्टीला बांधल्या — काकाची जुनी लाकडी होडी माझ्या नव्या फायबरच्या होडीला लागूनच. दुपारी वारा असा फिरला की उभं राहवेना. काकाच्या घरावरचे पत्रे उडाले. काकू अंथरुणाला खिळलेली. तिला उचलून शाळेत न्यायला काका पळाला. पळता पळता ओरडला, "माज्या होरीवर ध्यान ठेव रं!"

मी हो म्हणालो. अगदी मोठ्याने म्हणालो.

इथवर आलो की मी नेहमी अडखळतो. मनातल्या मनात सांगतानासुद्धा. वाऱ्याचं सांगतो, लाटांचं सांगतो — जणू त्यांनीच केलं. पण लाटांना गाठ सोडता येते का?

काकाच्या होडीचा मागचा दोर तुटला होता. पुढचा तेवढा धरून होता, आणि त्या एका दोरावर ती जड होडी गरगर फिरत माझ्या होडीवर आदळत होती. मधे लावलेले टायर कधीच निघून गेले. प्रत्येक धक्क्याला माझ्या होडीची कड फुटत होती — पूजेची हळदसुद्धा अजून गेली नव्हती तिची. मला माझीच होडी सोडून पलीकडे तिवरांच्या झाडीत नेता आली असती. पण त्यासाठी होडीत उतरावं लागलं असतं. मी उतरलो नाही. घाबरलो — साफ घाबरलो. मी जेट्टीवर पोटावर सरपटत खांबापर्यंत गेलो आणि काकाचा दोर सोडला.

होय. मीच सोडला.

होडी वळली, खाडीवरच्या पुलाकडे वाहत गेली, पुलाच्या खांबावर आपटून फुटली. दुसऱ्या दिवशी पुढचा तुकडा चिखलात सापडला. दोर त्याला तसाच — सगळाच्या सगळा, कुठे तुटलेला नाही, कापलेला नाही. गाव जमलं होतं. दोर अख्खा, म्हणजे काय झालं असणार? काकाने तो दोर हातात घेतला, टोकापर्यंत चाचपला आणि खाली बघत म्हणाला, "गाठच सुटली रं. माज्याच हातची."

मी शेजारी उभा होतो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हो, एवढंही केलं मी!

काका त्यानंतर खाडीत गेला नाही. आता एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. बुटाची नाडी बांधतो, दोन पावलं जातो, परत वाकून बघतो. काकू सांगते, पाळण्याची दोरीसुद्धा तो सुनेकडून बांधून घेतो. नातवाचा पाळणा आहे, म्हणतो, उगाच कशाला. गावातली पोरं हसतात. मला त्यांच्या मुस्काटात मारावीशी वाटते. पण कुठल्या तोंडाने?

यंदा पुन्हा वादळाचा इशारा आला. मी होडी बांधत होतो आणि काका ड्युटीवरून तसाच, युनिफॉर्मवर, जेट्टीवर आला. लांबूनच बघत उभा राहिला. मी दोराचं टोक त्याच्यापुढे केलं. म्हटलं, काका, तू बांध. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको रं बाबा," तो म्हणाला. "माज्या हातची गाठ ऱ्हात नाय आता."

आम्ही दोघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी खाली वाकलो आणि होडी बांधली — त्यानेच शिकवलेली गाठ. "बराबर हाय," तो म्हणाला आणि गेला.

मी दोर सोडला त्या दुपारी काकाची गाठ मला सुटत नव्हती. भिजून, ताणून दगड झाली होती. नखं तुटली. दात लावले, हिरड्यांतून रक्त आलं. शेवटी खिशात राहिलेला इंजिनाचा स्क्रू ड्रायव्हर घालून एकेक पीळ उकलावा लागला. पाव तास तरी लागला असेल. पाव तासात माणूस शंभरदा थांबू शकतो. मी थांबलो नाही. इतकी पक्की गाठ मी आजवर दुसरी पाहिलेली नाही, आणि हे जगात फक्त मला माहीत आहे.