अर्ध्यावरचं बायोस

सदर भागातल्या एका गल्लीत एक कारागीर मदरबोर्ड दुरुस्त करायचा. माझा कॉम्प्युटर मीच मारला होता. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, अपडेट होताना टक्क्यांचा आकडा पुढे सरकेना, म्हणून मी बटण बंद केलं. मशीन पुन्हा उठलंच नाही. त्यात बायकोचा प्रबंध होता आणि तिला मी अजून सांगितलं नव्हतं.

"पहिले बरोबर चालून राहिलं होतं?" त्याने गालातला तंबाखूचा खर्रा सरकवत विचारलं.

"हो."

"मंग काहून हात लावला, भाऊ?"

"नवीन व्हर्जन आलं होतं."

त्याने माझ्याकडे डॉक्टर दारुड्याकडे बघतो तसं बघितलं. मग बोर्डावरच्या चिपला चिमटा लावला आणि आपल्या लॅपटॉपवरून जुनं बायोस भरायला घेतलं. आकडा सत्तरवर थांबला. मी खुर्चीतून उठलो.

"बसा. भात शिजून राहिला असला की झाकण नाही काढाचं."

दहा मिनिटांत स्क्रीन उजळली. प्रबंध शाबूत होता. मला रडूच यायचं बाकी होतं.

"काय करता आपण?" त्याने विचारलं.

"इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो."

तो हसला नाही. फक्त टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर त्याने माझ्या हातापासून लांब सरकवला.