कानाचं माप

माझ्या मावसभावाला या जगात तयार मिळणारी एकही वस्तू बसत नाही. शर्ट बसत नाही, चप्पल बसत नाही, दुसऱ्याच्या हातचा चहा बसत नाही आणि गेली तीन वर्षं इअरफोन बसत नाही. तो अमडापूरला शिंपी आहे. "रेडीमेड कोणालेच बसत नाही, लोकं फक्त सहन करतात," हे त्याचं कपड्यांपासून लग्नापर्यंत सगळ्याबद्दलचं एकच मत. वहिनी समोर असल्या की फक्त कपड्यांबद्दलचं. दुकानात खिळ्याला मापाच्या टेपांशेजारी अकरा इअरफोन लोंबतात. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, हा मोबाईलचाही धंदा करतो. "कान म्हंजे बाही हाये बे. डावी-उजवी कधी सारखी नसते," असं म्हणत तो इअरफोनच्या रबरी टोप्या काढून फेकतो आणि कोटाच्या खांद्यात घालायचा फोम कात्रीने गोल कापून डाव्या कानाला वेगळा, उजव्याला वेगळा बसवतो. एकदा हळदीच्या दिवशी एक नवरदेव कोट घालून पाहायला आला. भावाने त्याच्या कानात इअरफोन खुपसले, गाणं लावलं आणि विचारलं, "मांगं किती जण गाणं म्हणून राह्यले?" नवरदेव घाबरून म्हणाला, "दोन." "तीन हायेत!" असं म्हणून भावाने ते इअरफोन कायमचे खिळ्याला टांगले. या भानगडीत कोटाची एक बाही बोटभर लांब राहिली, ती लग्नाच्या फोटोत अजून दिसते.

मी त्याच्यावर जळतो. सरळच सांगतो, लपवायचं काय त्यात! चिखलीला माझं स्टेशनरीचं दुकान आहे, पोरं मार्गी लागली आहेत, गुडघे त्याच्यापेक्षा बरे आहेत, तरी जळतो. तरुणपणी आम्ही एकाच गायन पार्टीत होतो. जयंतीचा महिना आला की गावोगाव कार्यक्रम. माइक त्याच्यापुढे, आणि मी मागे कोरसमध्ये, ढोलकीवाल्याच्या पाठीशी, तिघांतला तिसरा. लोक त्याला हार घालायचे आणि तो उतरवलेला हार धरायला मला द्यायचे. माझी सख्खी आई म्हणायची, "गळा माह्या बहिणीच्या पोराचा. आपल्याकडं नुसता घसा." बीबी गावच्या कार्यक्रमात तर कहर झाला. गाणं ऐन रंगात आलेलं असताना तो वळला आणि त्याने थेट माझ्याकडे पाहिलं. 'बघ, याला म्हणतात गाणं,' असं ते पाहणं. तीस वर्षं झाली, ती नजर मला कुसळासारखी टोचते. "तूबी चांगलं म्हणतो," एवढं एक वाक्य मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. पार्टी मोडली, जयंतीला डीजे आले, पण ते वाक्य काही आलं नाही.

त्याच बीबीच्या कार्यक्रमाची जुनी कॅसेट कोणीतरी त्याला मोबाईलमध्ये भरून दिली आणि तेव्हापासून हे वेड लागलं. कुठलेही इअरफोन असोत, त्यावर तेच एक गाणं लावून पाहायचं. स्वतःचंच गाणं ऐकायला अकरा इअरफोन, काय म्हणावं या माणसाला! चिखलीच्या एका मोबाईलच्या दुकानात त्याने एका दुपारी सात डबे उघडायला लावले. एकात ढोलकी पोटात वाजते, एकात आवाज फोडणीसारखा तडतडतो, एकात सगळे विहिरीत बसून गातात. शेवटी दुकानदाराने हात जोडले, "काका, तुमाले पाह्यजे तरी कसं?" "सापडलं म्हंजे सांगतो," म्हणून हा उठला. मुलाने पुण्याहून महागातले पाठवले, तेही खिळ्यावर गेले. मग मीही ईर्ष्येने एक जोडी घेतली, चांगले आठ दिवस इंटरनेटवर लोकांची मतं वाचून. मला तर त्यात स्वर्ग ऐकू आला. भावाने मिनिटभर ऐकलं आणि परत दिली. "चांगलं हाये. पण याच्यातबी मीच मी आयकू येतो."

"मंग अजून काय पाह्यजे तुले, दादा?" मी चिडून विचारलं. तो बाहीला टाके घालत राहिला. घरी बायको म्हणाली, "भाऊजीचा कान तयार हाये. तुमचे कान काय, नुसते चष्मा अडकवाले." त्यानंतर मी दर रविवारी अमडापूरला जाऊ लागलो, ते केवळ त्याला अजून काही सापडलेलं नाही ना, याची खात्री करायला.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "सापडलं. ये." गेलो तर आठवडी बाजारात ताडपत्रीवरून उचललेले, वायर पिवळी पडलेले, बिननावाचे इअरफोन! त्याने डावा तुकडा स्वतःच्या कानात घातला आणि उजवा माझ्या. फोम माझ्या कानात अगदी बेताचा बसला.

"माहं माप कधी घेतलं?"

"लहानपणी कमी पिळला का तुहा कान?" तो म्हणाला.

वायर आखूड, त्यामुळे बाकावर खांद्याला खांदा लावून बसावं लागलं. गाणं सुरू झालं. ढोलकी दबलेली, त्याचा आवाज बारीक. आणि मग एका ओळीच्या मध्यावर तो आवाज तुटला. अर्धा श्वास सगळं गप्प. तेवढ्यात मागून एक आवाज आला, जाडाभरडा, जरा घाईतला, आणि त्याने ती ओळ उचलून पार नेली. तो मीच, हे कळायला मला वेळ लागला. मी माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

"इथं माहा आवाज बसला," भाऊ म्हणाला. "हातपाय गार पडले. वळून तुह्याकडं पाह्यलं, ये म्हणून. तू आला नाही, पण मांगूनच उचललं. कोणाले समजलंबी नाही. बाकीच्या इअरफोनात हे आयकूच येत नाही बे."

खरं तर मला गहिवरून यायला हवं होतं. पण मी तेव्हाही जळलो. काय करणार, जुनी सवय. इतकी वर्षं माझा आवाज त्याने जपला होता, आणि मी काय जपलं, तर त्याची एक नजर, तीही उलटी वाचलेली.

"लय चांगलं म्हटलं होतं तू," तो म्हणाला. मग माझ्या कानातला फोम चिमटीने नीट बसवत त्याने विचारलं, "पण पुढं काऊन नाही आला बे? मी माइकपासून सरकलो होतो ना."

मी म्हटलं, "पुन्हा लाव." त्याने लावलं.