राजनंदिनीनं मध्यम ठरवलेला दोष

नाव राजनंदिनी, पण बसायला भवानी पेठेतली प्लास्टिकची खुर्ची आणि काम दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढण्याचं. अनिलकुमारांच्या कारखान्यात शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायच्या पेट्या बनतात. पेटी बाहेर पडण्याआधी तिला कुणी फसवू शकतं का, हे राजनंदिनी बघते आणि सापडेल तो दोष तक्त्यात लिहिते: किरकोळ, मध्यम, गंभीर, अतिगंभीर. अतिगंभीर लिहिलं की माल थांबतो. म्हणून तो शब्द ती जपून वापरायची. उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला?

त्या मंगळवारी भलताच दोष सापडला. मालकाच्याच नव्हे, कुणाच्याही फोनवरून मेसेज आला तरी पेटी निमूट ऐकत होती. जुन्या, विकलेल्या पेट्यांचं काय? परक्याच्या पेटीला हात कसा लावायचा? म्हणून तिनं, पेटीत नोंद नसलेल्या आपल्या नंबरवरून, घरच्याच पेटीला मेसेज केला. उजनीच्या काठावर वडिलांच्या, मानसिंगांच्या केळीला पाणी देणारी ती पेटी तिनंच हौसेनं बसवून दिली होती. ‘मोटर चालू’ असं उत्तर आलं. तिनं लगेच बंद केली. माहिती काही चोरीला जात नाही, मोटर तेवढी फिरते, असा विचार करून तिनं ‘मध्यम’ लिहिलं आणि जेवणाचा डबा उघडला.

तेवढ्यात मानसिंगांचा फोन. धरणाचं पाणी मागं सरलं की मोटर पुढं ओढायची, वायर वाढवायची. फ्यूज काढायला लांब विजेच्या डांबापर्यंत कोण जातंय? मोबाईलवरनं बंद केली की झालं, ही काठावरच्या सगळ्यांचीच रीत.

“नंदे, तुजी पेटी बिघडली बग,” मानसिंग म्हणाले. “वायर जोडून मी बाजूला झालो आन मोटर आपोआप चालू. जरा आदी झालं असतं, तर गेलो हुतो की मी.”

तिचा घास तोंडातच राहिला. फ्यूज काढल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही, अशी तिनं वडिलांना शपथ घातली. मेसेज आपणच केला, हे मात्र तिच्या तोंडून निघेना. फोन ठेवला, ढसाढसा रडली आणि ‘मध्यम’ खोडून ‘अतिगंभीर’ लिहिलं.

अनिलकुमार वैतागले. टेंपो भरून दारात उभा होता. जेवणाआधी मध्यम आणि आता अतिगंभीर, हा काय पोरखेळ चाललाय, असं त्यांचं म्हणणं.

“आणि दुसऱ्याच्या मोटरीला असा मेसेज पाठवणार तरी कोण?”

“मी पाठवला, सर,” राजनंदिनी म्हणाली. “मघाशीच. माझे वडील वायरीपाशीच होते.”

अनिलकुमारांनी टेंपोतला माल उतरवायला सांगितला आणि जुन्या गिऱ्हाइकांची यादी काढून पहिला फोन स्वतः लावला.