नावेतलं 'धर'

वल्हेबाई एकवीस वर्षं नदीवर उतारू ने-आण करत होत्या, पण खालच्या अंगाच्या बंधाऱ्याचा आवाज त्यांच्या अंगवळणी पडला नव्हता. तिथून पाणी दोन पुरुष खोल कोसळायचं. नवऱ्याचा खांदा निकामी झाल्यापासून एक वल्हं त्या मारत, दुसरं धाकटे दीर.

त्या दिवशी दीर तापाने फणफणले होते. घरी आलेला जावई म्हणाला, "आई, मी येतो की." कापडाच्या दुकानात मापं घेणारा माणूस, पण हौस दांडगी.

"या. पण नावेत मानपान नाही हं, जावईबापू. मी 'धर' म्हटलं की वल्ह्याचं पातं पाण्यात उभं रोवायचं आणि गच्च थोपवून ठेवायचं. दोन्हीकडून धरलं की नाव जागीच थांबते."

"एवढंच ना?"

दोन खेपा झाल्या. तिसरीला एक मास्तरीणबाई होत्या आणि तान्ह्या बाळाला घेतलेली एक मुलगी. नाव मधोमध आली आणि वरून झाडाचं अख्खं खोड वाहत आलं, थेट त्यांच्या वाटेवर.

"धर!" वल्हेबाई ओरडल्या.

जावयाने धरलं. दोन्ही हातांनी नावेचा काठ धरला! वल्हं कडीतून निसटलं आणि पाण्यात गेलं.

थोपवलेलं वल्हं एकच, त्यामुळे नाव गर्रकन फिरली. खोड खरडत निघून गेलं, पण आता नाव आडवी होऊन बंधाऱ्याकडे ओढली जात होती. बाळ किंचाळत होतं. "अहो, काहीतरी करा!" मास्तरीणबाईंचा आवाज चिरकला. उरलेलं वल्हं उपसून वल्हेबाई रांगत मागे गेल्या, टोकाच्या खाचेत ते घातलं आणि वेड्यासारख्या डावी-उजवीकडे घुसळू लागल्या. नाव इंचाइंचाने काठाकडे सरकली. लव्हाळ्याची पाती जावयाच्या तोंडावर आपटली.

"धर! हाताने धर रे!"

या वेळी त्याने बरोबर धरलं. पाती तळव्यात रुतून रक्त आलं, तरी सोडली नाहीत.

सगळे चिखलातून वर आले. बाळाची आई मागे न बघता निघून गेली. "आई, माझं चुकलं," जावई पुटपुटला. वल्हेबाईंना त्याला धीर द्यायचा होता, पण त्या नावेचा दोर बुंध्याला बांधत राहिल्या, गाठीवर गाठ.

दुसऱ्या दिवशी त्या काठावर गेल्या, पण भीतीने नावेच्या दोराची गाठ काही सोडवेना. तीन दिवस तसंच. चौथ्या दिवशी दिरांनी ती सोडली. वल्हेबाई आजही नाव हाकतात. फक्त मधोमध आल्या की कुणाशी बोलत नाहीत.