तारेचे तीन पीळ

कारखान्यातून निवृत्त होताना त्याने घरी आणलं काय, तर पान्यांचा एक जुना संच आणि ‘छ्या’ हे टोपणनाव. लेथवर उभा जन्म गेलेला माणूस. दुसऱ्याचं काम हातात आलं की आधी नाक मुरडायचं, मग ‘छ्या!’ म्हणायचं आणि ते पहिल्यापासून पुन्हा करायचं, ही त्याची रीत. बायकोने घातलेल्या टॉवेलांच्या घड्याही यातून सुटल्या नाहीत.

आता मागच्या पत्र्याच्या खोलीत त्याच्या तावडीत सापडली होती वडिलांची मोटरसायकल. छत्तीस वर्षांपूर्वी एका वळणावर वडील तिच्यावरून आपटले, कायमचे लंगडे झाले आणि पुन्हा कधी गाडीवर बसले नाहीत. तेव्हा आत ढकललेली गाडी तशीच पडून होती. ‘एक तर चालू करा, नाहीतर भंगारात द्या,’ असं बायकोने बजावलं, तेव्हा कुठे हा उठला.

सीट उचलली तर खाली उंदरांचा संसार. चिंध्या, लेंड्या आणि एक वाळून चामडं झालेला उंदीर. टाकीतल्या पेट्रोलची काळी चिकट खळ झालेली. तिचा वास नाकात बसला तो जेवतानाही जाईना. पण ते एक वेळ परवडलं, उंदरांना काय कळतंय! माणसांचे प्रताप पाहून मात्र त्याच्या डोक्यात तिडीक गेली. छिन्नीने ठोकून गोल केलेले नट, गंजावरच फासलेला रंग, इंजिनाच्या जोडावर थापलेला लांबी-पुट्टीचा बोटभर थर.

“शी! माणसं होती का कोण होती?” तो ओरडला. “एकेकाचे हात तोडायला हवेत!”

दारात खुर्ची टाकून वडील बसलेले असत. वय पंच्याऐंशी, कान अजून तिखट.

“जाऊ दे रे,” ते म्हणाले. “गाडीचा काय दोष? चालवणारा मीच नालायक.”

हे वाक्य घरात इतक्यांदा बोलून झालं होतं की आता ते कुणाला ऐकूही येत नसे.

चौथ्या दिवशी तो मागच्या ब्रेकपाशी आला. पेडलपासून चाकाकडे जाणारी सळई सुटून लोंबत होती. पेडल आणि सळईला जोडणारी पिन गायब. ती निसटू नये म्हणून तिच्या भोकात बारीकशी स्प्लिट पिन घालतात. इथे तिच्याऐवजी तांब्याच्या तारेचा तुटका तुकडा वाळलेल्या ग्रीसमध्ये रुतला होता.

“छ्या! ब्रेकला तार?” तो बाहेर जाऊन थुंकून आला. “हा तर खुनीच म्हणायचा!”

त्याने पकडीने तुकडा ओढला आणि फडक्याने पुसला. तीन पीळ, आणि बोटाला टोचू नये म्हणून टोक आत दुमडलेलं. त्याने मान वर केली. डोक्यावरच्या दिव्याची वायर खिळ्याला तारेने बांधली होती. ती त्यानेच परवा बांधलेली. तीन पीळ, टोक आत.

अपघाताचा तो रविवार त्याला आठवला. सकाळी ब्रेक साफ करून परत जोडताना मॅचला जायची घाई होती, स्प्लिट पिन सापडत नव्हती. संध्याकाळी नीट बसवू म्हणून त्याने तार ओवली होती. वडील आपटले ते दुपारी. आणि इस्पितळात, चार नातेवाइकांदेखत, प्लास्टरमधल्या वडिलांना तो म्हणाला होता, “छ्या! बाबा, एवढा साधा ब्रेक मारता आला नाही तुम्हाला?”

पायाशी भंगाराचा डबा होता. तुकडा त्यात टाकला की संपलं. कुणाला कळणार होतं? बाबा नालायक म्हणूनच मरतील आणि आपण कामातले पक्के म्हणून मिरवू. त्याने तार डब्यावर धरलीसुद्धा. मग स्वतःचीच अशी शिसारी आली की तो तसाच तेलकट हातांनी दाराकडे गेला.

“बाबा, ही तार मी घातली होती. ब्रेकला. त्या दिवशी सकाळी.” त्याने तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. “तुमचं काही चुकलं नव्हतं.”

वडिलांनी तो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. आता खाडकन कानाखाली बसेल असं त्याला वाटलं. बसावी असंही वाटलं. पण वडिलांचा पाय चपलेतून बाहेर आला आणि हळूहळू जमीन दाबू लागला.

“मारला होता मी ब्रेक,” ते म्हणाले. “पाय पार खालपर्यंत गेला होता. मला आठवत होतं रे. पण तू सगळ्यांसमोर म्हणालास, मारता आला नाही. तुला गाडीतलं कळतं. म्हणून मग मला वाटलं, नसेल मारला.”